खुर्च्यांचं फोल्डर आणि बाबांची परवानगी

तीर्थस्वरूप दादासाहेबांच्या सेवेशी,

मानेला पट्टा लावून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून धाकट्या बहिणीचा नमस्कार. ‘दादासाहेब’ वाचून लगेच सावध होऊ नकोस. मला काही मागायचं नाही. मोठ्या भावाला कधीतरी मानाने हाक मारावी असं वाटलं, म्हणून मारली. इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली आईच्या फोनवरून कळते, म्हणजे तुझा फोन आला की आईचं बोट चुकून स्पीकरवर पडतं आणि बाबा त्या वेळी चुकून त्याच खोलीत पेपर वाचत असतात. त्यामुळे तुझा खोकला, तुझ्या खोलीतला गळका नळ आणि तुमच्या कारखान्याच्या कँटीनमधला पाणचट चहा आम्हा सगळ्यांना सारखाच पाठ आहे. फोन चालू असेपर्यंत बाबांचं पेपराचं पान उलटत नाही. फोन ठेवला की ते आईला विचारतात, कोणाचा होता. मग आई सगळं पहिल्यापासून सांगते आणि ते सगळं पहिल्यापासून ऐकतात. तर, खोकला कमी आहे का? पंखा थेट अंगावर घेऊन झोपू नकोस.

आता एवढं सगळं मेलवर लिहायचं सोडून हाताने कागदावर का लिहिते आहे, असं तुला वाटेल. त्याचं कारण असं की सध्या माझ्या बोटांमधून कोणाच्या नावाने काय जाईल याची खात्री राहिलेली नाही. कागदावर निदान अक्षर तरी माझंच उमटतं. पण ते पुढे येईल, सगळं ओळीने सांगते.

दातांच्या डॉक्टरबाईंपासून सुरुवात करते. लहान मुलांचे दात बघणाऱ्या या बाईंनी नवीन दवाखाना काढला आहे आणि बाहेर बसायच्या खोलीसाठी आपल्याकडे खुर्च्या सांगितल्या. बाबांची नेहमीची, पाठीला तीन पट्ट्या असलेली. ऑर्डर पक्की झाल्यावर बाई पुन्हा आल्या, नमुन्याच्या खुर्चीवर बसून पाहिलं आणि म्हणाल्या, उंची थोडी कमी करता आली तर बरं. मुलांचे पाय लोंबकळले की ती खुर्चीतच रडायला लागतात, आत येईपर्यंत तोंड उघडायच्या मनःस्थितीत राहत नाहीत. मला ते इतकं पटलं की मी तिथल्या तिथे हो म्हणून बसले. बाबा तेव्हा लाकूड बघायला गेले होते. संध्याकाळी त्यांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “बघू.”

आता बाबांचं ‘बघू’ तुला मी काय समजावणार. जन्मभरात त्या माणसाने कशाला ‘हो’ म्हटल्याचं कोणी ऐकलेलं नाही. आईच्या मते तर लग्नाच्या वेळीसुद्धा ते बघूच म्हणाले होते. आपण सगळे त्या एका शब्दावर वाढलो. बघू म्हणून ते काम करत राहिले तर हो, बघू म्हणून उठून गेले तर नाही, आणि बघू म्हणून तिथेच गप्प बसले तर आईकडे जायचं. त्या दिवशी ते चष्मा लावून माझ्याकडेच पाहत राहिले. हा प्रकार नवीन होता. मी मनाशी म्हटलं, रागावले. त्यांना न विचारता त्यांच्या खुर्चीचे पाय कापायचं कबूल केलं, रागावणारच.

आणि दुसऱ्याच दिवशी माझा लॅपटॉप गेला. (आईने वरच्या फळीवरच्या कुंडीला पाणी घातलं. तिने ते रोपाच्या मानाने घातलं, पण उरलेलं खाली आलं. मी आरडाओरडा केला तेव्हा तिचं म्हणणं असं, की पाणी चालत नाही तर तो उघडा का ठेवलास.) लॅपटॉप दुरुस्तीला गेला तो अजून तिकडेच आहे. दुकानदार रोज सांगतो की तो वाळतो आहे. म्हणून मी वर्कशॉपमधल्या त्या काचेच्या खोलीत, तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर बसायला लागले. तू गेल्यापासून तिथे कोणी बसत नव्हतं. कीबोर्डमध्ये एवढा भुसा होता की पहिल्या दिवशी ‘स्पेस’चं बटण दाबलं की करवत चालवल्यासारखा आवाज यायचा. खुर्चीबद्दल तर बोलायलाच नको. खुर्च्या बनवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्या ऑफिसात बसायला मोडक्या पाठीची खुर्ची असावी, हे आपल्या घराला शोभून दिसतं. मानेचा पट्टा तिथूनच आला.

कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर तू करून ठेवलेलं ते चित्र होतंच, त्यावर टिचकी मारली आणि आपली ती ऑनलाइन लायब्ररी आपोआप उघडली. बाबांची सगळी ड्रॉइंग्ज तू स्कॅन करून त्यात घातलीस तेव्हा मी तुला किती नावं ठेवली होती. पण खरं सांगते, आज त्यावाचून माझं पान हलत नाही. टेबलं, कपाटं, खुर्च्या आणि ‘अर्धवट’ अशी फोल्डर ओळीने दिसली. खुर्च्यांचं उघडलं, तीन पट्ट्यांची खुर्ची काढली, उंचीचा आकडा बदलला आणि जतन करायला गेले, तर समोर पाटी. ‘तुम्हाला हे फोल्डर पाहता येईल. बदल करण्याची परवानगी नाही. परवानगी हवी असल्यास मालकांकडे मागा.’

काय वाटलं असेल मला, विचार कर. कालपर्यंत माझ्या लॅपटॉपवरून मी याच फोल्डरमध्ये हवा तो धुडगूस घालत होते. काल संध्याकाळी बाबांना खुर्चीचं सांगितलं आणि आज परवानगी नाही. म्हणजे बाबांनी रात्रीतून माझे हात बांधले. तोंडाने एक शब्द न बोलता. तू गेल्यावर वर्कशॉपचा पसारा मी अंगावर घेतला, ग्राहक सांभाळले, लाकूडवाल्याशी हुज्जत घातली, आणि त्याचं फळ काय, तर बघ पण हात लावू नकोस. मी त्या भुशाच्या खोलीत बसून थोडी रडले. मिस्त्रींनी काचेतून पाहिलं आणि त्यांना वाटलं भुसा डोळ्यात गेला, म्हणून त्यांनी ओला रुमाल आणून दिला. मी तो डोळ्यांना लावला. एवढं मन लावून काम करणाऱ्या माणसाला खरं कारण कुठे सांगत बसणार.

तरी मी तशी हार मानणारी नाही. आधी कॉम्प्युटरवरच संशय घेतला. बंद करून चालू केला. तू एकदा सांगितलं होतंस की आतलं फोल्डर बाहेरच्या फोल्डरकडून परवानगी वारशाने घेतं, आणि मधेच कोणी तो वारसा तोडला तर आतल्याचा कारभार वेगळा होतो. (त्या वेळी बाबा शेजारी होते आणि तू हे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त ऐकवत होतास, असं मला तेव्हाही वाटलं होतं.) म्हणून मी बाहेरून आत एकेक फोल्डर तपासत गेले. टेबलांना हात लावू देईना, कपाटांना देईना, ‘अर्धवट’लाही देईना. म्हणजे वारसा कुठे तुटला नव्हता, माझी बंदी वरपासून खालपर्यंत इमानदारीने उतरली होती. मग ब्राउझरमध्ये साठलेलं सगळं पुसून टाकलं. मग कोणीतरी सांगितलं, खासगी खिडकी उघडून पाहा. उघडली, तर ती मला विचारायला लागली की तुम्ही कोण, नाव सांगा, पासवर्ड सांगा. माझ्याच वर्कशॉपमध्ये, माझ्याच बापाच्या लायब्ररीच्या दारात मला विचारते मी कोण. मी फाडकन ती खिडकी बंद केली. उत्तर तिथेच होतं, पण मला अपमान आधी दिसला.

शेवटी नाइलाजाने ‘परवानगी मागा’ हे बटण दाबलं. त्यात निरोप लिहायला एक चौकोन येतो. मी लिहिलं, कृपया बदल करण्याची परवानगी मिळावी. ते बाबांच्या फोनवर जातं हे मला माहीत होतं. त्या दिवशी जेवताना ते माझ्याकडे न पाहता आमटी वाढून घेत होते. मीही विचारलं नाही. परवानगी बटणाने मागितली तर ती मिळायलाही बटणानेच हवी, मलाही स्वाभिमान आहे. फोल्डर काही उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, बाबा, काम अडलं आहे, रागावला असाल तर तसं सांगा. काही नाही. इकडे डॉक्टरबाईंचे फोन, की खुर्च्या कधी. काम अडलं की स्वाभिमान फार दिवस पुरत नाही, दादा. तिसऱ्या वेळी मी लिहिलं, “बाबा, चुकलं. तुम्हाला न विचारता असं करायला नको होतं.” (मी काही चुकले नव्हते. खुर्ची बुटकीच हवी. पण आधी फोल्डर उघडू दे, मग भांडू, असा हिशोब होता.) आणि चौथ्या वेळी तर मी सगळंच सोडून दिलं. लिहिलं, “बाबा, मला तुमच्याच हाताखाली काम करायचं आहे. दुसरीकडे कुठे मन लागणार नाही. आता तरी आत घ्या.”

आणि या सगळ्या काळात बाबांचं वागणं काय, तर खुश. सकाळी दाढी करताना गुणगुणत होते. वर्कशॉपमध्ये तुझं ते कोपऱ्यातलं कामाचं टेबल, ज्यावर प्लायवूडचे तुकडे रचून रचून डोंगर झाला होता, ते त्यांनी स्वतः मोकळं केलं. मिस्त्री मदतीला गेले तर त्यांना हाकललं. पटाश्यांना धार लावली, रंधा साफ करून तेल दिलं. मी काचेतून बघत होते. मला वाटलं, झालं, माझ्या जागी कोणी नवा माणूस आणताहेत. मी इथे शब्द शोधून शोधून माफी मागते आहे आणि हे नव्या माणसाच्या स्वागताला लागले आहेत. आईला म्हटलं, बाबांना माझी किंमत नाही. आई म्हणाली, त्यांनी आज भाजी चांगली झाली म्हटलं, तब्येत बघायला हवी.

मग मी त्या लायब्ररीवाल्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडे एक बाई होत्या, सर्दीने आवाज बसलेला, पण इतक्या शांत की मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. मी त्यांना डॉक्टरबाई, कुंडी, बाबा, सगळं सांगितलं. त्यांनी ते मध्ये न तोडता ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, वर कोपऱ्यात गोल चित्र दिसतं, त्यावर टिचकी मारा. तिथे जे नाव येतं ते तुमचंच आहे ना?” मी म्हटलं, अहो चित्र माझंच आहे, तीन पायांचं स्टूल. ते तूच तर वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला लावून दिलं होतंस, बाबांनाही तेच, मलाही तेच, सगळे एका घरचे दिसावेत म्हणून. बाई म्हणाल्या, चित्र असू दे, नाव वाचा. मी टिचकी मारली. स्टुलाखाली तुझं नाव.

दादा, तू इथून निघताना बॅग नेलीस, पुस्तकं नेलीस, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा नेलंस, पण कॉम्प्युटरमधून बाहेर पडायचं विसरलास. तेव्हापासून तू त्या काचेच्या खोलीत बसूनच आहेस. मी जाऊन तुझ्या मांडीवर बसले एवढंच. ती पाटी मला नव्हती, तुला होती. तुमचं ते भांडण झालं, तू म्हणालास की खुर्च्या सुट्ट्या करून खोक्यात भरून विकू, गिऱ्हाईक घरी नेऊन स्क्रू लावून जोडेल, आणि बाबा म्हणाले की ज्याला खुर्ची जोडता येते त्याने ती बनवूनही घ्यावी, मग मी कशाला हवा. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः एका बोटाने तुझी परवानगी काढली असणार. पण पूर्ण काढली नाही, हे लक्षात घे. पाहायची ठेवली.

बाईंच्या सांगण्यावरून तुला बाहेर काढलं आणि मी माझ्या नावाने आत गेले. सगळं सताड उघडं. एवढंच नाही, मालकांच्या यादीत बाबांच्या खाली माझं नाव होतं. कधी घातलं, कोणाला माहीत. मला ते कधी बोलले नाहीत. म्हणजे ज्या दारात मी इतके दिवस हात जोडून उभी होते त्याची किल्ली माझ्याच कमरेला होती. मग माझं मेल उघडलं. लॅपटॉप वाळत असल्यामुळे ते पाहिलंच नव्हतं, ग्राहक सगळे फोनच करतात. मालक म्हणून परवानगीचे अर्ज मलाही आले होते, आणि सगळ्यांवर तुझं नाव. पहिला दिसला तो सगळ्यात नंतरचा. ‘बाबा, मला तुमच्याच हाताखाली काम करायचं आहे. दुसरीकडे कुठे मन लागणार नाही.’ माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हटलं, दादा नमला शेवटी. आईला हाक मारायला अर्धी उठलेसुद्धा. मग त्याच्या खालचा वाचला, ‘बाबा, चुकलं’, आणि ही वाक्यं ओळखीची वाटायला लागली. ती माझीच होती. मी पुन्हा खाली बसले, कारण मला जे क्षणभर वाटलं ते बाबांना रोज वाटत होतं, हे तेव्हा कळलं. ते टेबल त्यांनी कोणासाठी मोकळं केलं तेही कळलं.

ड्रॉइंगमध्ये उंची बदलली, कागद छापला आणि मिस्त्रींकडे घेऊन गेले. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ताई, हे पाय तर कधीच कापून झाले. बाबांनी मी सांगितलं त्याच संध्याकाळी वितीने मोजून दाखवलं होतं. खुर्च्या पॉलिशला गेल्या आहेत. म्हणजे माझ्या खुर्चीला बाबांचा होकार पहिल्या दिवसापासून होता, आणि त्या फोल्डरची माझ्याशिवाय कोणालाच गरज नव्हती.

असं हे सगळं झालं. तुला हसू यावं म्हणून कळवलं, दुसरा काही हेतू नाही. उत्तराची घाई नाही. नळ दुरुस्त करून घे.

तुझी धाकटी,
(सध्या स्वतःच्याच नावाने)

ता. क. एक गोष्ट राहिली. बाबांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. सांगणार होते, पण ते तुझ्या रंध्याचं पातं उजेडात धरून बघत होते, माझ्याने बोलवलं नाही. तेव्हा दादा, तू एक कर. त्यांना फोन कर, आईला नको, त्यांना. माफी मागायला नको, ती मी तुझ्या वतीने आधीच मागून ठेवली आहे. तू फक्त ‘मी ते लिहिलंच नव्हतं’ असं म्हणू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं आहे, वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल.

ता. क. २ वरचं रद्द समज. पाकीट शोधत होते तेवढ्यात बाबा खोलीत आले, पत्र कोणाला म्हणून विचारलं, आणि माझं तोंड बघून हसले. त्यांना सगळं माहीत आहे. म्हणाले, “‘चुकलं’ वाचलं तेव्हाच कळलं. तो माझा मुलगा आहे, तो चुकलं म्हणायचा नाही.” मी चिडले. म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीत, मी तिथे मान मोडून घेत होते. तर म्हणाले, “रोज त्याच्या नावाचं काहीतरी यायचं. बरं वाटायचं.” टेबल मात्र त्यांनी हे सगळं माहीत असूनच मोकळं केलं आहे, एवढं तू लक्षात घे.

ता. क. ३ वर्कशॉपचं ते जुनं मेल एकदा उघड, त्यात तुला परवानगी आलेली असेल. आत्ताच दिली. कुठलं बटण ते मी दाखवलं, पण दाबलं त्यांनी. खाली तारखेचा एक चौकोन येतो, परवानगी कधीपर्यंत म्हणून. मी विचारलं, काय घालू. म्हणाले, “ते रिकामं सोड.”